दोनदा आलेला सात

मागच्या फोनवर तुम्ही विचारलंत, आजोबांचा रेडिओ क्लब म्हणजे गाणी ऐकणारी मंडळी होती का. नव्हती. तिथे गाणं लावायला नियमानेच बंदी होती. सरकारी परीक्षा देऊन लायसन मिळवलेल्या हौशी लोकांचा तो क्लब. स्वतःच्या सेटवरून बोलायचं, अँटेना स्वतःच्या हाताने बांधायची, मोर्सच्या डिट-डामध्ये, म्हणजे आखूड-लांब आवाजांत, निरोप पाठवायचे. रायपूरच्या बूढ़ापाऱ्यात तलावाकडून आत येणाऱ्या गल्लीत रेडिओच्या सुट्या भागांचं एक दुकान होतं, त्याच्या वरच्या खोलीत आम्ही जमायचो. छत्तीसगड वेगळं होऊन रायपूर राजधानी झाली, त्या सुरुवातीच्या वर्षांतली ही गोष्ट. भोपाळहून फायली आणि माणसं येत होती. शंकर नगरात आमच्या घरासमोर दर महिन्याला एखाद्या नव्या कार्यालयाची पाटी लागायची. गाड्यांवरचं एमपी खोडून सीजी रंगवणारे पेंटर रस्त्याच्या कडेला डबे मांडून बसलेले असायचे.

त्या क्लबातली एक सकाळ लिहून ठेवते. तुमच्या आईलाही ती पूर्ण माहीत नाही.

आधी आजोबांच्या तब्येतीचं सांगते, म्हणजे पुढचं समजेल. त्यांना रोज सकाळी इन्सुलिनचं इंजेक्शन घ्यावं लागायचं. ते घेतलं आणि वेळेवर पोटात अन्न गेलं नाही, तर त्यांची साखर एकदम उतरायची. उतरण्याचे टप्पे मला पाठ होते. आधी हट्टीपणा यायचा. मग ते तेच ते बोलायचे. मग शर्टाचं बटण चुकीच्या काजात जायचं, आणि मग डोळे मिटायचे. मिटलेल्या डोळ्यांनंतर किती वेळ हातात असतो ते डॉक्टरांनी मला एकदा बाजूला घेऊन सांगितलं होतं. घरी दोनदा तिसऱ्या टप्प्यावर मी त्यांना साखरेचं पाणी पाजून परत आणलं होतं.

हे क्लबात कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी मला बजावलं होतं, "तिथं एक शब्द बोलशील तर पाहा. मले खुर्चीवर बसवतील अन् चहा पाजतील. फॉक्स कोणी होऊ देणार नाही."

फॉक्स म्हणजे काय तेही सांगते. आमच्याकडे हिवाळ्यात धान कापून झालं की फॉक्स हंट व्हायची. एक जण लहानसा ट्रान्समीटर घेऊन शिवारात कुठेतरी लपतो, तो फॉक्स. ठरल्या वेळी तो एक मिनिट खूण पाठवतो आणि गप्प होतो. बाकीचे शिकारी. त्यांच्या हातात दिशा दाखवणारी अँटेना असते. आमच्या अँटेना घरच्याच, प्लास्टिकच्या पाइपवर सुताराच्या पोलादी टेपचे तुकडे आडवे बसवलेल्या. ती फिरवत राहायचं. जिकडे धरल्यावर सेटची सुई सर्वांत वर चढते, तिकडे फॉक्स. नकाशावर त्या दिशेने रेघ ओढायची. दोन वेगळ्या ठिकाणांहून ओढलेल्या रेघा जिथे एकमेकींना कापतात, तिथे तो असतो. शिकारी आपली रेघ दुसऱ्याला सांगत नाही, कारण जो आधी पोचेल तो जिंकतो. आणि फॉक्स कोणाच्याही हाकेला उत्तर देत नाही. त्याला बोलतं करायला लोक नाना सोंगं करायचे.

तुमचे आजोबा रेल्वेच्या तारघरात आयुष्य घालवलेले. मोर्स त्यांच्या बोटांत होतं. मी ते त्यांच्याकडूनच जेवणाच्या टेबलावर शिकले आणि परीक्षा देऊन लायसनही घेतलं, पण माझं काम वेगळं होतं. मी कंट्रोल. घड्याळ, वही, नकाशा, आणि कोणी कधी काय पाठवलं त्याची नोंद.

पूर्वी फॉक्स आपली जागा एका कागदावर लिहून बंद लिफाफ्यात कंट्रोलकडे ठेवायचा. काही अडचण आली तर लिफाफा फोडायचा. आदल्या हंटला आजोबाच फॉक्स होते, आणि आमच्या क्लबातली इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणारी एक मुलगी त्यांच्यापर्यंत तासाभराच्या आत पोचली. नागपूरहून बदलून आलेले एक बँक मॅनेजर तेव्हा दुसरे आले. वरच्या खोलीत सगळ्यांसमोर ते मला म्हणाले, "वहिनी, लिफाफ्याचा कागद जरा पातळ होता का हो?" म्हणजे जागा मीच तिला फोडली.

सगळे हसले. ती मुलगीही हसली. मला नाही हसू आलं. मी म्हणाले, "यापुढे लिफाफाच नको. फॉक्सने जागा कोणालाच सांगायची नाही. मलाही नाही."

आजोबांना ते फार आवडलं. या नव्या नियमासकट सगळे नियम माझ्याच हातून टाइप झाले, माझ्याच सहीने भिंतीवर लागले.

त्या रविवारी आमचा मुक्काम अभनपुरात, दुकानवाल्या भैयांच्या साल्याच्या राइस मिलमध्ये होता. मिल बंद होती. व्हरांड्यात कोंड्याचा बारीक थर बसलेला. तो पुसून मी टेबल मांडलं. दोन सेट ठेवले, एक फॉक्सची खूण ऐकायला, दुसरा शिकाऱ्यांशी बोलायला. भैयांनी बांबूवर एक टेपची अँटेना उभी केली, म्हणजे आम्हालाही दिशा कळेल. शिकारी त्या दिवशी दोघेच होते, ती मुलगी तिच्या स्कूटीवर आणि बँकवाले त्यांच्या गाडीतून. बाकीचे एका लग्नाला गेले होते.

आजोबा साडेसहालाच घरून स्कूटरवर निघाले होते. इंजेक्शन घेतलं, चहा आणि दोन बिस्किटं खाल्ली, आणि मी पराठ्यांचा डबा दिला. "पोचल्याबरोबर खायचं," मी म्हणाले. "हो बाई, हो," ते म्हणाले.

पहिली खूण नऊला आली. क्लबचं कॉलसाइन, म्हणजे लायसनवरची ओळखीची अक्षरं, आणि मग एक आकडा, खूण कितवी तो. दर दहा मिनिटांनी एकदा. एक, दोन, तीन. त्यांच्या हातासारखा हात क्लबात कोणाचा नव्हता. डिट आणि डा यांच्यामधली जागा मोजपट्टीने आखल्यासारखी असायची. भैया कानाशी सेट धरून म्हणाले, "भौजी, हमर कोलिहा बबा तो मशीन हे, मशीन." कोलिहा म्हणजे कोल्हा, बबा म्हणजे आजोबा. हे नाव त्यांनीच ठेवलेलं.

सहावी खूण नऊ पन्नासला आली. दहाला सातवी. डा-डा-डिट-डिट-डिट. मी वहीत लिहिलं.

दहा दहाला कॉलसाइन आलं आणि पुन्हा डा-डा-डिट-डिट-डिट. सात.

मी पेन उचललं आणि लगेच लिहिलं नाही.

भैया म्हणाले, "आठ न?"

"नाही. सात आला."

"बबा मजाक कर रहे हैं. शिकारी मन ला भरमात हें."

तसं असू शकत होतं. खोटा आकडा पाठवून शिकाऱ्यांना घड्याळात गुंतवायचं, हे कोणी दुसऱ्याने केलं असतं. पण मी त्या माणसासोबत चाळीस वर्षं राहिले होते. त्यांनी पाठवलेला आकडा कधी चुकला नव्हता, आणि गंमत म्हणूनही त्यांनी तो चुकवला नसता. शिवाय दुसऱ्या सातातले तीन डिट एकमेकांना चिकटून आले होते. तेच ते बोलणं. दुसरा टप्पा.

मी स्वतःला समजावलं. डबा त्यांच्याजवळ आहे. खाल्ला असेल. थंडीने बोटं आखडली असतील.

तरी मी शिकाऱ्यांच्या सेटवर बोलले. "दोन्ही शिकारी, कंट्रोल. खेळ जरा थांबवते आहे. तुमच्या आतापर्यंतच्या दिशा मला सांगा."

बँकवाल्यांचा हसण्याचा आवाज आला. "वहिनी, शिकारी दिशा सांगत नाही, हा नियम भिंतीवर तुमच्याच सहीचा आहे. भाऊंनी सांगून ठेवलंय का, कोणी जवळ आलं की असं करा म्हणून?" भाऊ म्हणजे तुमचे आजोबा.

मुलगी म्हणाली, "काकू, मैं एकदम पास हूँ. प्लीज़, दस मिनट दीजिए न." ती घरी मराठी ऐकून वाढलेली, पण उत्तर नेहमी हिंदीतच द्यायची.

खरं कारण सांगायचं तर ते एका माणसाने माझ्यावर विश्वासाने सोपवलेलं होतं. आणि सेटवर बोललेलं खासगी राहत नाही. ज्याच्याकडे सेट आहे तो ते ऐकतो.

मी फॉक्सच्या फ्रीक्वेन्सीवर गेले आणि त्यांना हाक मारली. "कंट्रोल बोलते आहे. खेळ थांबला आहे. डबा खाल्ला का? उत्तर द्या." खरखर. पुन्हा हाक मारली. खरखर. फॉक्स उत्तर देत नाही, हे तर ठरलेलंच. आणि हट्टीपणा हा पहिला टप्पा. दोन्हींत फरक कसा करायचा?

भैया माझ्याकडे बघत होते. ते हळूच म्हणाले, "भौजी, एक बात बताऊँ? सुबह आते समय मैंने बबा का स्कूटर देखा था. मोड़ पर, होटल के पीछे. बोरा ओढ़ाकर छुपाया था. मैंने किसी को बताया नहीं. खेल बिगड़ जाता."

"आणि डबा?"

"डिब्बा?"

"कापडी पिशवी. निळी."

त्यांनी कपाळाला बोट लावलं. "हव. हैंडल में टँगी थी."

आठवायला त्यांना जेवढा वेळ लागला, तेवढ्यात मला सगळं दिसलं. गाडी दिसली की फॉक्स सापडतो, म्हणून त्यांनी ती लांब ठेवली. खांद्यावर बॅटरी, सेट आणि तारांची बॅग घेऊन शेताच्या बांधांवरून चालत गेले. इंजेक्शननंतर, नुसत्या दोन बिस्किटांवर. आणि डबा मागे राहिला. एवढ्या नीट आखणाऱ्या माणसाकडून असं एकच राहतं, आणि तेच राहतं.

"मैं जाकर ले आता हूँ," भैया उठले.

"कुठे नेणार? त्या वळणावरून वाटा किती?"

"तीन." ते पुन्हा बसले. मोबाइल आमच्यात फक्त बँकवाल्यांकडे होता, आणि अभनपुराच्या बाहेर तोही मुका.

दहा वीस झाले. खूण आली नाही. एकवीस. बाविसाव्या मिनिटाला सेटमधून कॉलसाइनची पहिली दोन अक्षरं आली, मग एक लांब डा, त्याला काही अर्थ नव्हता, आणि बंद. भैयांनी अँटेना फिरवून होकायंत्र पाहिलं. "एक सौ पचास." मिलपासून मी दक्षिण-पूर्वेला रेघ ओढली. नुसती एक रेघ. त्या रेघेवर अभनपुराबाहेरची सगळी शेतं, दोन तलाव, चार वस्त्या होत्या.

मी शिकाऱ्यांचा सेट उचलला आणि बटण दाबलं. हे मी पाठ केल्यासारखं बोलले, कारण नाहीतर बोलता आलं नसतं. "हा खेळ नाही. तुमचे भाऊ इन्सुलिन घेतात. आज त्यांनी दोन बिस्किटांपलीकडे काही खाल्लेलं नाही. डबा स्कूटरवर राहिला आहे. त्यांची साखर उतरते आहे आणि त्यांना ते कळत नाही आहे. जागा मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. तुमच्या दिशा द्या."

मग बँकवाल्यांचा आवाज आला, पण तो वेगळाच माणूस बोलत असल्यासारखा. "वहिनी, मागच्या खुणेला मले दोनशे वीसच्या आसपास मिळालं होतं. पण तेव्हा मी दुसरीकडं होतो. पुढच्या खुणेला पक्कं देतो."

"काकू," मुलगी म्हणाली, "मेरे को आधा सिग्नल ही मिला. अगली बार पक्का."

पुढची खूण. पुढची खूण आली तर. तिला अजून आठ मिनिटं होती आणि आम्ही सगळेच आपापल्या जागी उभे राहून वाट बघण्याशिवाय काही करू शकत नव्हतो. मी वहीत एक ओळ आखली. मग तिच्याखाली दुसरी आखली. भैयांनी पाण्याचा ग्लास समोर ठेवला. मी त्याला हात लावला नाही. मिलच्या आवारात छोट्या लाइनच्या गाडीची शिट्टी ऐकू आली आणि मला उगाचच त्या ड्रायव्हरचा राग आला, की एवढा आवाज कशाला करतो.

दहा तीस. काही नाही. मी सेटचा आवाज वाढवला. अँटेना लावलेला सेट मोकळा सोडला की त्यात सतत खरखर असते, कढईत फोडणी चालू असल्यासारखी. ती ऐकत आम्ही दोघे बसलो. एकतीस. बत्तीस. तेहतीस.

दहा चौतीसला खरखर थांबली.

आवाज आला नाही. फक्त खरखर थांबली. भैयांना वाटलं सेट बिघडला, ते उठून वायर हलवायला लागले. मी त्यांचा हात धरला. कोणी ट्रान्समीटर चालू केला आणि काही बोललं नाही, तर दूरच्या सेटमध्ये हेच होतं, खरखर दबते आणि शांतता येते. आजोबांच्या पेटीला एक बटण होतं. ते वर केलं की ट्रान्समीटर चालू, मग चावीने मोर्स पाठवायचं, मग बटण खाली. बटण वर झालं होतं. चावीवर हात आला नव्हता.

पाच सेकंद. दहा. वीस. बटण खाली गेलं नाही.

"ते आत्ता चालू आहेत," मी दुसऱ्या सेटवर ओरडले. ओरडल्याचं मला नंतर भैयांनी सांगितलं. "आवाज येणार नाही. सुई बघा. आवाज नाही, सुई!"

बँकवाले म्हणाले, "दोनशे तीस, वहिनी. पक्कं. दोनशे तीस."

मुलगी म्हणाली, "अस्सी. काकू, अस्सी. और बहुत स्ट्राँग है."

मी तिघांच्या रेघा ओढल्या. एकशे पन्नास, दोनशे तीस, ऐंशी. तिन्ही रेघा एका लहानशा त्रिकोणात आल्या. नकाशावर तिथे तलाव होता, आणि तलावाच्या वरच्या अंगाला एक वस्ती. मुलगी तिथून दीड किलोमीटरवर होती, बँकवाल्यांना गाडी फिरवून यायचं होतं.

"तू जा," मी मुलीला म्हणाले. "पूर्वेला. तलाव दिसेल, त्याच्या वर वस्ती. आणि ऐक. गूळ, साखर, जे मिळेल ते. पण गिळत नसतील तर तोंडात ओतायचं नाही. कुशीवर वळवायचं आणि गूळ ओला करून गालाच्या आतून चोळायचा."

"हाँ काकू." मागे स्कूटी सुरू झाल्याचा आवाज.

आता मला आणखी एक हिशेब करावा लागत होता. त्यांची बॅटरी सकाळपासून वापरात होती. ट्रान्समीटर असा सलग चालू राहिला तर वीस मिनिटं, फार तर पंचवीस. ती संपली की खरखर परत येणार, आणि मग शोधायला काहीच उरणार नाही. मी फॉक्सच्या सेटसमोर बसले आणि ती शांतता ऐकत राहिले. आयुष्यात मी कशालाही एवढं कान देऊन ऐकलेलं नाही. भैया हात जोडून उभे होते, डोळे मिटून.

दहा पंचेचाळीसला मुलीचा आवाज आला, धापा टाकत. "काकू, बस्ती में पहुँच गई. सुई पूरी चढ़ गई है, जिधर घुमाओ उधर. कुछ समझ नहीं आ रहा."

फार जवळ गेलं की असं होतं. सुई सगळीकडे पूर्ण चढते. "अँटेना काढून टाक," मी म्हणाले. "सेट छातीशी धर आणि जागेवर गोल फिर. अंग आड येऊन सुई जिथे पडेल, तिथे ते तुझ्या पाठीमागे आहेत."

"हाँ, हाँ, याद आया."

मग मी तिच्या सेटमधून माणसांचे आवाज ऐकले. पुष्कळ. ती बटण सोडायला विसरली होती. एक पुरुष दरडावून विचारत होता, "का नापत हस? कागज देखा." त्या दिवसांत नव्या राजधानीसाठी त्या भागात मोजणीवाले फिरत होते, शेतात खुंट ठोकत होते. हातात टेपच्या पट्ट्या आणि यंत्र घेऊन गोल फिरणारी ही शहरी पोट्टी त्यांना आणखी कोण वाटणार? "मोर खेत झन नापबे, बता देत हंव," कोणीतरी म्हणालं, माझं शेत मोजायचं नाही. मुलगी सांगत होती, रेडिओ क्लब, प्रतियोगिता. कोणी ऐकत नव्हतं. तिचं बटण दाबलेलं, त्यामुळे मला काही सांगता येत नव्हतं. घड्याळात दहा सत्तेचाळीस झाले. अठ्ठेचाळीस.

मग तिचा आवाज बदलला. ती रडायच्या बेतात होती. तिने तिला येत असलेली सगळी छत्तीसगढ़ी एकत्र करून म्हटलं, "एक झन सियान गँवा गे हे. बीमार हे. शक्कर के बीमारी."

आवाज थांबले. सियान म्हणजे म्हातारा माणूस, वडीलधारा; गँवा गे म्हणजे हरवला. मग एक बाई म्हणाली, अगदी सहज, "ओ दे बियारा म एक झन सियान सुते हे. पैरावट तीर. घाम तापत हे."

खळ्यात, तणसाच्या गंजीजवळ, एक म्हातारा ऊन खात झोपला आहे. तिने त्यांना अर्ध्या तासापूर्वी पाहिलं होतं, आणि म्हाताऱ्या माणसाला उठवू नये म्हणून पोरांनाही तिकडे जाऊ दिलं नव्हतं.

धावण्याचा आवाज. कोणीतरी गूळ आण म्हणून हाक दिली. मग मुलीने बटण सोडलं आणि माझ्याकडे काहीच उरलं नाही.

फॉक्सच्या सेटवर शांतता होती. शिकाऱ्यांच्या सेटवर खरखर. मी दोन्हींच्या मधे बसले होते.

दहा पन्नासला, सोळा मिनिटांनी, फॉक्सची शांतता तुटली आणि खरखर परत आली. बॅटरी संपली, की कोणी बटण खाली केलं? मी भैयांकडे पाहिलं.

"काकू." मुलीचा आवाज. "मिल गए. साँस चल रही है. पसीने से भीगे हुए हैं. आँख नहीं खोल रहे. मैंने गुड़ लगा दिया है, जैसे आपने बोला था."

"पुन्हा लाव. लावत राहा. बोलत राहा त्यांच्याशी."

तिने बटण दाबूनच ठेवलं. या वेळी जाणूनबुजून असावं. मी ऐकत होते. ती बाई म्हणत होती, "सियान, ए सियान, उठ गा." एक शेळी ओरडत होती. मुलगी म्हणत होती, "अंकल, थोड़ा और. मुँह खोलिए." असं किती वेळ चाललं ते मी वहीत लिहिलेलं नाही. ती सगळी पानं नीट भरलेली आहेत, तेवढीच जागा कोरी आहे.

मग एक जड, रागीट आवाज आला.

"गोड आहे हे. मले गोड चालत नाही."

भैयांनी जोडलेले हात कपाळाला टेकवले. मी बटण दाबलं आणि म्हणाले, "खा. मी सांगते आहे." पण तिचं बटण दाबलेलं असल्यामुळे ते कोणालाच ऐकू गेलं नसणार.

बँकवाल्यांनी त्यांना गाडीतून मिलमध्ये आणलं. अंगावर तणस, ओठांना गूळ. आल्याआल्या त्यांनी मला विचारलं, "कोण जिंकलं?" बँकवाले माझ्याजवळ येऊन उभे राहिले. "वहिनी, मी मघाशी जे बोललो..." मी म्हणाले, "तुमची दोनशे तीस नसती तर त्रिकोण झाला नसता." त्यांना तेवढं पुरलं नाही, पण माझ्याकडे त्याहून जास्त काही नव्हतं.

रायपुरात डॉक्टरांनी त्यांना तपासलं आणि विचारलं, "आठवतं कुठपर्यंत?"

"सहावी खूण पाठवली तिथपर्यंत," आजोबा म्हणाले. "मग हिनं उठवलं." त्यांनी मुलीकडे बोट दाखवलं.

म्हणजे दोन्ही सात त्यांना आठवत नव्हते. ते त्यांच्या हाताने पाठवले होते, त्यांनी नाही.

संध्याकाळी तुमच्या आईचा फोन आला. नेहमीच्या रविवारसारखाच. "बाबा, आज काय केलं?" आजोबा म्हणाले, "अभनपुरले गेलो होतो. हंट होती. ही पोरगी अजून जिंकून राहिली." मला फोन दिला. मी म्हणाले, "हो, सगळं ठीक." त्या वेळी तुमची आई परदेशात एकटी होती, तुमच्यातला मोठा पोटात होता. मी ठीक म्हटलं ते त्यासाठी. पण नंतरही खरं सांगितलं नाही, ते का, हे मला नीट सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते माझी वही घेऊन बसले. "हे काय लिहिलं तू? सात, अन् पुन्हा सात? मी असं पाठवीन काय? तुझ्या ऐकण्यात चूक झाली. अन् इन्सुलिनचं साऱ्या जगाले सांगून दिलं. पुढच्या हिवाळ्यात मले कोण फॉक्स करून राहिलं आता?"

मी वाद घातला नाही. सरावाची चावी आणि बजर जेवणाच्या टेबलावर आणून ठेवला आणि समोर बसले. म्हटलं, "ऐका." आणि काल ऐकलं तसंच वाजवलं. सहावी खूण, त्यांच्या हातासारखी, मोजपट्टीची. मग पहिला सात. मग दुसरा, तीन डिट एकमेकांना चिकटलेले. मग अर्धं कॉलसाइन आणि तो लांब, बिनअर्थाचा डा.

ते ऐकत होते. तारघरातला माणूस, त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. दुसऱ्या साताला त्यांचा चेहरा उतरला. डा संपल्यावर ते म्हणाले, "पुरे."

"अजून आहे," मी म्हणाले. मी चावीवरून हात उचलला, मांडीवर ठेवला आणि गप्प बसले. त्यांना आधी कळलं नाही. मग कळलं. खोलीत पंखाही चालू नव्हता, थंडी होती. समोरच्या कार्यालयाच्या गेटवर कोणीतरी गाडी मागे घेत होतं. आम्ही दोघे तसेच बसलो. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा वहीकडे, मग खाली.

चौथ्या मिनिटाला ते म्हणाले, "समजलं मले. उठ आता."

मी घड्याळ त्यांच्याकडे फिरवलं. म्हटलं, "अजून बारा आहेत."

ते उठले नाहीत. आम्ही सोळा मिनिटं पूर्ण बसलो.